रबरी चिंगळं आणि बाबांचा हात

मी ती चिंगळं भांड्यांच्या साबणाने धुतली होती, हे आधीच कबूल करून टाकते. नुसती धुतली नाहीत, कोमट पाण्यात भिजवून एकेक चोळली आणि ओट्यावर जुना पंचा पसरून त्यावर वाळत घातली. सकाळी सासरे चहाला आले, त्यांनी ती रांग बघितली, चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"वास येत होता हो बाबा," मी म्हटलं. "लसणाचा. आणि काहीतरी तेलकट."

"अगं, तो वास माशासाठी असतो," ते म्हणाले. "तुझ्यासाठी नव्हे."

ही चिंगळं म्हणजे रबरासारख्या मऊ प्लॅस्टिकची आमिषं. बोटाएवढी लांब, पुढे दोन नांग्या, मागे पसरट शेपूट, हिरव्या अंगावर लाल ठिपके. अमेरिकेतल्या तळ्यांत दगडांखाली क्रॉफिश नावाचा प्राणी राहतो, कोळंबी आणि खेकडा यांच्या मधला कोणीतरी. बास नावाच्या माशाला तो फार आवडतो. म्हणून गळाला ही नकली क्रॉफिश लावायची आणि बासला फसवायचं. सासरे चिपळूणचे, तिकडे कोळंबीला चिंगळं म्हणतात. त्यांनी पाकीट उघडल्याबरोबर 'चिंगळं' म्हणून टाकलं आणि घरात तेच नाव रुळलं. ती मिठात आणि लसणाच्या तेलात घोळवूनच विकतात, हे मला कोण सांगणार? बाहेरून आलेली वस्तू आधी धुऊन घ्यायची, एवढंच माझ्या आईने मला शिकवलं होतं.

साल २००४. आम्ही टेक्सासमध्ये अर्विंगला राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी त्याच्या व्हिसाला जोडलेलं शेपूट. पुण्यात मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. इथे मला नोकरी करायची परवानगीच नव्हती. दिवसभर घर आवरायचं, आवरलेलं घर पुन्हा आवरायचं आणि नवरा आला की आठवड्यातून एकदा तरी "आपण परत जाऊ या" म्हणून भांडायचं, हा माझा कार्यक्रम. त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "ग्रीन कार्डचं प्रोसेस सुरू झालंय यार, आता मध्येच कसं सोडायचं?"

त्या मार्चमध्ये सासरे सहा महिन्यांसाठी आले. सासूबाईंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. सासरे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, उंच, कमी बोलणारे, आणि मला सुरुवातीला वाटलं तसे शिष्ट. उजवा हात कायम खिशात. संध्याकाळी सहालाच जेवून घ्यायचे. "मला लवकर जेवायची सवय आहे," म्हणायचे. मुलगा आठला घरी यायचा तेव्हा हे पेपर मांडीवर ठेवून टीव्हीसमोर.

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना आमटी वाढत होते. त्यांनी वाटी उचलली आणि निम्मी आमटी ताटात, निम्मी सदऱ्यावर. मला वाटलं गरम लागली. मग त्यांचा हात टेबलावर टेकला आणि तिथेच, काहीही करत नसताना, थरथरत राहिला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होती, जशी आपण चिमटीतली रांगोळी सोडतो.

"एसी कमी करू का?" मी विचारलं. मूर्खच मी.

"बस जरा," ते म्हणाले. "कंपवात आहे. चिपळूणच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं. गोळ्या चालू आहेत. त्याला काही सांगू नकोस."

त्याला म्हणजे मुलाला. एकुलत्या एका.

"का नाही सांगायचं?"

"सांगितलंस तर तो दोन महिन्यांत सामान बांधेल. मी ओळखतो ना त्याला." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "आणि तुलाही परत जायचंय, तेही मला माहीत आहे. भिंती पातळ आहेत तुमच्या. म्हणजे तुझं काम एका वाक्यात होईल. म्हणूनच तुझ्यापाशी मागतोय."

मी म्हटलं, "बाबा, पण मुलाला कळायला नको का?"

"माझे वडील आजारी पडले म्हणून मी मुंबईची नोकरी सोडून आलो," ते म्हणाले. "पुढे ते अकरा वर्षं जगले. आणि अकरा वर्षं मला त्यांचा राग येत होता. त्यांनाही ते कळत होतं. माझ्या पोराला माझा राग आलेला मला चालणार नाही."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आठवडाभर मी त्यांना उत्तर दिलं नाही. खोटं कशाला बोलू, त्या आठवड्यात मी मनातल्या मनात पुण्याला बिऱ्हाड मांडूनही टाकलं होतं. कॉलेजात पुन्हा रुजू झाले होते, स्टाफरूममधली खिडकीजवळची खुर्चीसुद्धा परत मिळवली होती. एक वाक्य. तेही खरं. त्यात पाप ते काय?

घरात दोघांनी एकमेकांची नजर चुकवायची तरी किती, म्हणून मी त्यांना सकाळी फिरायला न्यायला लागले. आमच्या अपार्टमेंटच्या मागे दहा मिनिटांवर पार्क होता आणि पार्कात तळं. तळ्याच्या एका अंगाला मोठमोठे दगड रचलेले. तिथे रोज एक म्हातारा अमेरिकन उलट्या बादलीवर बसून मासे धरायचा. डोक्यावर इतकी मळकी टोपी की मूळ रंग कुठला ते सांगता येऊ नये. सासरे त्याच्यामागे जाऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी नुसते उभे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत त्याला पाण्याची खोली विचारली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने त्यांच्या हातात चिंगळांचं एक पाकीटच ठेवलं आणि गळ कसा लावायचा ते करून दाखवलं. गळाचं टोक चिंगळाच्या अंगात लपवायचं, म्हणजे ते दगडांत अडकत नाही. पुढे छोटंसं शिशाचं वजन. दगडांच्या कडेला टाकायचं, तळाशी बसू द्यायचं, जरासं ओढायचं आणि थांबायचं. मग परत जरासं ओढायचं.

"थांबणं महत्त्वाचं," म्हातारा म्हणाला. "सगळे ओढतात. थांबत कोणी नाही."

आम्ही एक स्वस्तातला रॉड आणला, लायसन्स काढलं, आणि घरी येऊन मी ती चिंगळं धुतली.

धुतलेल्या चिंगळांकडे सकाळभरात एकही मासा फिरकला नाही. सासऱ्यांनी मला दोष दिला नाही, पण दुपारी माझा खलबत्ता मागून घेतला. लसूण ठेचला, खडेमीठ घातलं, तेल घातलं आणि वर सढळ हाताने हिंग.

"हिंग कशाला?"

"वाशिष्ठीवर आम्ही कणकेच्या गोळीत हिंग घालायचो."

"बाबा, मासा अमेरिकन आहे."

"नाक सगळ्यांना सारखंच," ते म्हणाले आणि चिंगळं स्टीलच्या डब्यात मुरत घालून डबा फ्रीजमध्ये ठेवला.

त्या संध्याकाळी नवरा नेहमीप्रमाणे लॅपटॉपकडे बघत जेवायला बसला. फ्रीजमधून त्याने स्वतःच डबा काढला, वरणभाताच्या शेजारी एक चिंगळ वाढून घेतलं आणि चावलं. दोनदा चावलं. मग विचारलं, "हे कसलं लोणचं आहे?" मी इतकी हसले की मला धड सांगताही येईना. सासरे टीव्हीकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. नवऱ्याला समोरचं काही दिसत नाही, हे तेव्हा मला फार विनोदी वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर वारा नव्हता. सासऱ्यांनी चिंगळ दगडांजवळ टाकलं, तळाला जाऊ दिलं आणि थांबले. थांबले की त्यांचा हात सुरू व्हायचाच. रॉडचं टोक बारीक बारीक थरथरायला लागलं. त्यांनी घाईने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, कोणी बघतंय का म्हणून मान वळवली, आणि टोपीवाला म्हातारा बघतच होता.

"धरू नका," तो बादलीवरूनच म्हणाला. "जे काही करताय ते तसंच चालू ठेवा."

सासऱ्यांनी मनगट सोडलं. दोर पाण्यात सरळ गेला होता, तो एकाएकी आडवा धावायला लागला. म्हातारा ओरडला, मी ओरडले, सासऱ्यांनी रॉड मागे खेचला. आणि मग तो मासा पाण्याबाहेर उडाला. हिरवट, जाडजूड, कल्ले फुगवलेला, तोंड एवढं मोठं की माझी मूठ आत गेली असती. काठावर आणेपर्यंत सासऱ्यांच्या सदऱ्याची एक बाही भिजली होती आणि ते हसत होते. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना मोठ्याने हसताना ऐकलंच नव्हतं. हातात मासा धडपडत होता आणि हात थरथरत होता, त्यातलं कुठलं काय ते कळण्याची सोयच नव्हती.

म्हाताऱ्याने मासा पाण्यात सोडायला लावला. सासरे थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिले. "एवढा मोठा परत सोडायचा म्हणजे जिवावर येतं," ते म्हणाले.

"बाबा," मी म्हटलं, "नाही सांगणार मी त्याला."

त्यांनी मान हलवली. पुढे त्या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

त्यानंतरचे चार-पाच महिने मला आयुष्यात परत हवे आहेत. खरंच हवे आहेत. सकाळी सहाला निघायचं, कारण नऊनंतर टेक्सासचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. माझ्या पिशवीत चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा. सासऱ्यांच्या खिशात रुमालात बांधलेली चिंगळं. काठावर कॅनडाची बदकं घाण करून ठेवायची आणि आम्ही त्यांना मराठीत शिव्या द्यायचो. सासऱ्यांच्या शिव्या अगदीच सात्त्विक. मासा लागेपर्यंत ते मला भूगोल शिकवायचे. इथली माती काळी का, तळ्याचं पाणी गढूळ का, वादळं नेहमी त्याच बाजूने का येतात. पूर्ण वर्ग चालायचा. एक विद्यार्थिनी, तीही चिवडा खाणारी. थर्मासच्या झाकणातला चहा ते माझ्यासमोर बिनदिक्कत दोन्ही हातांनी प्यायचे, सांडला तर सांडला.

मीही टाकायला शिकले. पण माझं चिंगळ तळाशी मेल्यासारखं पडून राहायचं. त्यांच्या हातातलं जिवंत व्हायचं. टोपीवाला म्हातारा त्यांच्या शेजारी बसून बघायचा आणि आपला हात तसा हलवायचा प्रयत्न करायचा. त्याला ते काय आहे हे कळलं होतं का? मला वाटतं, पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तो मोठा सभ्य माणूस होता.

ऑगस्टमध्ये नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं आणि एका शनिवारी तो म्हणाला, "चला, मी पण येतो. बघू तरी तुमचं हे फिशिंग." मी काहीतरी कारण काढून टाळायला बघितलं, पण तो बूट घालून तयारच.

तळ्यावर त्याने दहा वेळा टाकलं आणि दहा वेळा भराभर गुंडाळून घेतलं. सासरे हात खिशात घालून बाकावर बसले होते.

"इथे मासेच नाहीत यार," तो म्हणाला. मग वडिलांकडे वळला. "बाबा, तुम्ही दाखवा ना. ही रोज सांगते, बाबा एक्सपर्ट झालेत."

हो, सांगायचे मी. कौतुकाच्या भरात सांगून बसले होते. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तळ्याकडे बघायला लागले.

ते उठले. रॉड घेतला, चिंगळ टाकलं, तळाला जाऊ दिलं. थांबले. आणि हात सुरू झाला. नवरा त्यांच्या अगदी शेजारी उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर लॅपटॉप नव्हता.

"बाबा, हात का असा होतोय?"

मला वचनसुद्धा मोडावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. वर्षअखेरीला मी पुण्यात असले असते.

सासरे म्हणाले, "तीच तर युक्ती आहे." आवाज वर्गातला, ठणठणीत. "चिंगळ तळाशी गप्प पडलं तर माशाला कळतं की ते मेलेलं आहे. त्याला जरा जिवंत ठेवावं लागतं. ये इकडे, तुला शिकवतो."

आणि त्यांनी खरोखर शिकवलं. मुलाच्या हातात रॉड दिला, स्वतः मागे उभे राहिले. नवरा मनगट गदागदा हलवायला लागला. "मनगटातून नको," ते म्हणाले. "बोटांतून. अजून बारीक. मोठं नको. आता एकसारखं. थांबू नकोस, ते थांबत नाही." मुलाची थरथर हुबेहूब स्वतःच्या थरथरीसारखी होईपर्यंत त्यांनी त्याला सोडलं नाही. दोघं शेजारी शेजारी उभे होते, दोघांचे उजवे हात सारखेच हलत होते. मला ते बघवेना.

थोड्या वेळाने नवऱ्याला मासा लागला. फार मोठा नव्हता, पण त्याने लहान मुलासारख्या उड्या मारल्या. "कसली सही ट्रिक आहे बाबा! कोणी शिकवली तुम्हाला?"

"कोणी नाही," सासरे म्हणाले. "आपोआपच आली."

सप्टेंबरमध्ये ते चिपळूणला गेले. तिथे त्यांची विधवा बहीण, म्हणजे आमच्या आत्या, त्यांच्यासोबत राहायच्या. त्यांनाही तेच बजावलेलं होतं. नवरा मासेमारीच्या नादाला लागला. महिन्यातून एखादा रविवार तो तळ्यावर जायचा, मित्रांनाही न्यायचा, आणि 'बाबांची ट्रिक' म्हणून तो हात सगळ्यांना करून दाखवायचा. एका पिकनिकला चार जण ओळीने उभे राहून तसे हात हलवत होते आणि हसत होते. मी बर्फ आणायच्या निमित्ताने गाडीत जाऊन बसले.

दर रविवारी तो कॉलिंग कार्डावरून चिपळूणला फोन लावायचा. दुसऱ्या वर्षीपासून सासऱ्यांचा आवाज खोल जायला लागला. त्या आजारात आवाज जातो, ते मी वाचलेलं होतं. "बाबांचं काही ऐकूच येत नाही," नवरा म्हणायचा. मी म्हणायचे, "लाइन खराब असेल. कार्ड बदल." त्याने किती कार्डं बदलली असतील देव जाणे. तोवर भेटायला जाणंही ग्रीन कार्डच्या अर्जामुळे लांबत गेलं. एकदा बाहेर पडलो तर परत येऊ देतील का, ही भीती तेव्हा घराघरांत होती.

२००७ साली अर्ज पुढे सरकला आणि मला काम करायचं परमिट आलं. पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये मी लागले. सहा वर्षांनी अंगात पांढरा कोट चढवला, परीक्षानळी हातात घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. 'परत जाऊ या' हे वाक्य मी त्या दिवसापासून एकदाही उच्चारलं नाही. आणि रविवारी "कार्ड बदल" म्हणत राहिले. आधी म्हणत होते ते सासऱ्यांसाठी. आता कोणासाठी म्हणत होते, ते मला चांगलं ठाऊक होतं.

पुढच्या जानेवारीत, परवानगीचे कागद हातात आल्यावर, नवरा एकटाच चिपळूणला गेला. कोणाला न सांगता, बाबांना सरप्राइज म्हणून. दारातून त्याने पाहिलं तेव्हा आत्या त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या.

त्याचा फोन आला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"ते आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

त्या दिवशी लाइन अगदी स्वच्छ होती.

तीन आठवड्यांनी तो परत आला. आठवडाभर कामापुरतं बोलला. मग एका सकाळी चहाचा कप समोर ठेवून म्हणाला, "म्हणजे तळ्यावर मी बाबांच्या आजाराची नक्कल करत होतो. लोकांना दाखवत होतो."

"हो."

"आणि तू बघत होतीस."

"हो." मग मी त्याला उरलेलंही सांगितलं. वचन आधी बाबांसाठी पाळलं आणि पुढे माझ्या नोकरीसाठी, हेसुद्धा. आता लपवून ठेवायचं तरी काय?

त्याने ऐकून घेतलं. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. "मला वाटायचं, त्या दिवशी बाबा किती खूश आहेत," तो म्हणाला. "माझ्या मागे उभे राहून शिकवत होते तेव्हा. तेही नाटकच असणार ना?"

"नाही," मी म्हटलं. "ते खरंच खूश होते. तेवढं एक नाटक नव्हतं."

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. चार वर्षं मी त्याच्याशी खोटं वागले होते. आता माझ्यावर विश्वास ठेवायला त्याच्याजवळ काहीच कारण नव्हतं, आणि मी अगदी खरं सांगत होते.